घरच्या घरी रेकॉर्डिंग : प्रीॲम्प घेताना पैसा कोठे खर्च करावा?



आमच्या वस्तीत एक वृद्ध मावशी राहतात. हळदीला, बारशाला आणि जयंतीच्या आदल्या रात्री त्या गात असत. आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ होत्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावातल्या बायांनी मिळून रचलेल्या ओव्याही त्यांत होत्या. कोणत्याही पुस्तकात त्या छापलेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने ठरवले की, मावशींचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. ओळखीच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून चांगला माईक आणला, एका मुलाचा लॅपटॉप घेतला, मध्ये एक जोडपिन लावली आणि माईक सरळ लॅपटॉपला जोडला. मावशी दीड तास गायल्या. रात्री आम्ही ऐकायला बसलो तर नुसती खरखर, आणि तिच्यामागे कोठेतरी दूरवर मावशींचा आवाज. आवाज मोठा केला की खरखरही तेवढीच मोठी होई.

“पुन्हा करू,” असे आम्ही म्हणालो. पावसाळा गेला, मुलांच्या परीक्षा झाल्या, निवडणुकीची कामे आली. तेवढ्यात मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. दुसऱ्यांदा रेकॉर्डिंगला बसलो तेव्हा पहिल्या दिवशीच्या बावीस ओव्यांपैकी नऊच त्यांना आठवल्या.

माईक चांगला होता, लॅपटॉपही चालू स्थितीत होता. मग चुकले काय? त्या दोघांच्या मधली वस्तू आमच्याजवळ नव्हती. तिचे नाव प्रीॲम्प्लिफायर, थोडक्यात प्रीॲम्प. आम्ही कचेरीत कारकुनी करतो, शिक्षण वाणिज्य शाखेचे. पण मंडळाच्या पैशाचा जाब द्यावा लागतो, म्हणून या विषयाचा हिशेब आम्ही बारकाईने करून पाहिला. तो आपल्या उपयोगी पडावा, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रीॲम्प म्हणजे काय?

माईकमधून निघणारी वीज फारच थोडी असते. स्टेजवर सगळीकडे दिसणारा एस.एम. ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे. त्याच्या जाळीजवळ ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज पोहोचला, तरी त्यातून दोन मिलिव्होल्टदेखील निघत नाहीत. साध्या बोलण्याच्या आवाजाला तर त्याच्या एक दशांशाच्या आसपासच निघते. पुढच्या यंत्रांना साधारण एक व्होल्ट लागतो. मधली ही वाढ करून देण्याचे काम प्रीॲम्पचे. या वाढीला ‘गेन’ म्हणतात. २० डेसिबल गेन म्हणजे दहापट, ४० म्हणजे शंभरपट आणि ६० म्हणजे हजारपट.

लॅपटॉपच्या माईकच्या भोकामागेही एक प्रीॲम्प असतो. पण तो कानाला लावायच्या छोट्या माईकसाठी बनवलेला असतो. मोठ्या माईकचा बारीक प्रवाह त्याला पेलत नाही, आणि त्यामुळेच आमच्या नशिबी खरखर आली.

वेगळा प्रीॲम्प घ्यावा काय?

आमचे स्पष्ट मत असे की, सुरुवातीला घेऊ नये. वेगळा प्रीॲम्प घेतला तरी त्याचा आवाज कॉम्प्युटरात न्यायला आणखी एक यंत्र लागतेच. त्याऐवजी यू.एस.बी. वायरने जोडायचा ‘ऑडिओ इंटरफेस’ घ्यावा. प्रीॲम्प आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, हे दोन्ही त्या एकाच डबीत असतात. एक-दोन माईकचे इंटरफेस साधारण पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळतात. आम्ही सेकंडहँड घेतला, पाच हजार दोनशे रुपयांत. घेण्यापूर्वी आपला माईक लावून, गेन पूर्ण वाढवून, कानावर हेडफोन ठेवून ऐकले. बटण फिरवताना खडखड होत असेल तर तो नग घेऊ नये.

मंडळाकडे छोटा मिक्सर असेल तर तोही उपयोगी पडतो. त्यातही प्रीॲम्प असतातच. कॉम्प्युटरला लाईन-इनचे भोक असेल तर मिक्सरचा लाईन-आऊट त्याला जोडून काम भागते. नवा खर्च करण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे.

कोणते आकडे पाहावेत?

पहिला आकडा गेनचा. खड्या आवाजाचा शाहीर माईकला तोंड लावून गातो तेव्हा ४० डेसिबलही पुरतात. पण आजीबाई हळू आवाजात ओवी म्हणतात तेव्हा साध्या डायनॅमिक माईकला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. म्हणून डायनॅमिक माईक असेल तर ६० किंवा त्याहून अधिक गेन देणारा इंटरफेस पाहावा. कंडेन्सर माईक मुळातच अधिक वीज देतो. काही कंडेन्सर एस.एम. ५८ च्या दहापटीहून अधिक देतात. त्यांना ४० डेसिबल पुरतात. मात्र त्यांना इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. ही सोय नसलेला इंटरफेस घेतला तर बहुतेक कंडेन्सर माईक मुकाच राहील. शिवाय कंडेन्सर शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही प्रामाणिकपणे टिपतो, हे एका खोलीत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा आकडा प्रीॲम्पच्या स्वतःच्या खरखरीचा. पत्रकावर तो ‘ई.आय.एन.’ या नावाने छापलेला असतो, उदाहरणार्थ उणे १२८. या आकड्याला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. सर्वसाधारण माईकसाठी ती उणे १३१ च्या आसपास आहे. कितीही लाख रुपये मोजले तरी तिच्या पलीकडे जाता येत नाही. म्हणजे पाच-सात हजारांचा चांगला इंटरफेस आणि लाखाचे यंत्र यांत या बाबतीत दोन-तीन डेसिबलचाच फरक उरतो!

आता आमचा हिशेब पाहा. उणे १२८ चा प्रीॲम्प एस.एम. ५८ ला जोडला, तर त्याची खरखर ही खोलीतल्या अवघ्या १८ डेसिबलच्या आवाजाएवढी असते. डोक्यावर पंखा फिरत असलेल्या आपल्या खोलीत मात्र ४० डेसिबलच्या वरच आवाज असतो. म्हणजे गळती पंख्याची, आणि आपण खर्च करणार प्रीॲम्पवर! असा हिशेब कोणत्या घरात चालेल?

फुकटात मिळणारी वाढ

माईक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की माईकला आवाज दुप्पट मिळतो. दोन फुटांवरचा माईक अर्ध्या फुटावर आणला की चौपट, म्हणजे १२ डेसिबल, आणि तेही एक पैसा न देता. पंखा बंद करावा. भिंतीवर गोधडी, अंगाखाली सतरंजी असली की आवाज घुमत नाही. माईक हातात धरू नये, स्टँडवर लावावा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे, त्याने पुष्कळदा विजेची घूं घूं जाते. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवावे आणि सर्वांत मोठ्या आवाजाला मीटर उणे १२ च्या आसपास राहील इतकाच गेन द्यावा. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी पुरेसे आहे, ते मोफत मिळते.

कशावर खर्च करू नये?

काचेची नळी चमकणारे स्वस्त ‘ट्यूब’ प्रीॲम्प मुलांना फार आवडतात. पण रेकॉर्डिंगमध्ये एकदा मिसळलेला त्यांचा रंग मागाहून काढता येत नाही. गेन कमी पडतो म्हणून माईकच्या वायरीत बसवायची, २०-२५ डेसिबल वाढवणारी छोटी नळकांडी मिळतात. ती चांगली असली तरी त्यांनाही फँटम पॉवर लागते, आणि त्यांची किंमत कधी कधी इंटरफेसएवढी होते. माईक आधी जवळ आणावा, मग गरज पाहावी. नामांकित माईकच्या नकला पुष्कळ फिरतात, म्हणून अर्ध्या किमतीला भुलू नये. आणि कर्ज काढून, हप्ते बांधून तर यातले काहीच घेऊ नये. चार घरांनी किंवा मंडळाने मिळून एक इंटरफेस, एक माईक, एक स्टँड आणि एक चांगली वायर घ्यावी, वहीत नोंद ठेवावी आणि पाळीपाळीने वापरावे.

हे सारे कशासाठी?

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवर राहिले. पण वस्तीवस्तीतल्या गायन पार्ट्यांतले, माजघरातले कितीतरी आवाज कोठेच राहिले नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात. लिहायला-वाचायला मिळाले नाही अशा आपल्या आयांनी आपला इतिहास गळ्यात जपला. तो उतरवून घेणे हे शिकलेल्या मुलांचे काम आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही पंखा बंद केला, माईक मावशींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. त्या नऊ ओव्या इतक्या स्वच्छ आल्या आहेत की, मधला श्वासही ऐकू येतो. उरलेल्या तेरा मात्र खरखरीतच राहिल्या. त्यांतल्या चारांचे शब्द कान देऊनही आम्हांला लागत नाहीत, आणि मावशींनाही आता सांगता येत नाहीत.

म्हणून एकच विनंती. इंटरफेससाठी पैसे साठेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या, खिशातला मोबाईल उशीवर, त्यांच्या तोंडाजवळ ठेवा आणि रेकॉर्ड करा. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घ्या. त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. प्रीॲम्प पुढच्या महिन्यातही मिळेल.