आधी शिक्षकाला पडलेला प्रश्न

सकाळी 7:15

एसटी बारामती तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयाकडे निघाली आहे. माझं काम शिक्षकांसोबतचं. आठवी ते दहावीच्या तासांची तयारी त्यांच्याबरोबर बसून करायची, तास मागच्या बाकावरून पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं. आजचा पहिला तास आठवीचा, इतिहासाचा. ब्रिटिश राजवटीतल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाला जोडून इतिहासाच्या मॅडम 1875 चे दख्खनचे दंगे, म्हणजे सावकारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव, शिकवणार आहेत. 12 मे 1875 रोजी ज्या सुप्यात ते सुरू झाले, ते सुपे याच तालुक्यात. वर्गातल्या काही मुलांची मामाची गावं त्याच बाजूला असतील.

प्रवासात मी वाचते. मॅडमना सांगायची माहिती गोळा करण्यासाठी नव्हे, तर मला स्वतःला काय कळत नाही ते शोधण्यासाठी.

सकाळी 10:00

शिक्षककक्षात मॅडमनी टाचण पुढे ठेवलं. दंगे कधी झाले, कुठे झाले, त्यांची कारणे सांगा. तिन्ही उत्तरं छापलेली आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं: विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे, पुस्तकात ते आहे, मग मी का बोलू? या वयात मूल आपल्या मतावर उभं राहू पाहतं. असं असेल तर काय, तसं नसतं तर काय, हा विचार त्याला झेपू लागलेला असतो. नेमक्या त्याच वर्षांत आपण त्याला वाक्यं अधोरेखित करायला सांगतो.

मी विचारलं, “मॅडम, या सगळ्यात तुम्हाला स्वतःला काय कोडं वाटतं?”

त्या थोडा वेळ टाचणाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “धान्याची दुकानं लुटली, ते समजतं. पोटाला लागतं. पण सावकाराच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेऊन का जाळले? कागदानं कुणाचं पोट भरतं?”

आजच्या तासाचा प्रश्न मिळाला. तो त्यांचा होता, म्हणून त्या तो जीव ओतून विचारणार होत्या. उरलेल्या वेळात आम्ही त्याला आधार जमवले. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं ठरलं. हेतू व्याज साचू नये हा. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल झालं.

एक गोष्ट पक्की केली: घरात कर्ज किती, हे कुणालाही विचारायचं नाही. विषय मुलांच्या जवळचा आहे, म्हणूनच ही काळजी.

सकाळी 11:50

आठवी ब. मॅडमनी फळ्यावर गणित मांडलं. मुद्दल 100 रुपये, व्याज वर्षाला शेकडा 24 धरा, तीन वर्षांनी नवा रोखा. मुलांनी वहीत आकडे काढले: 172. आणखी तीन वर्षांनी 295 रुपये 84 पैसे. नऊ वर्षांनी 508 च्या पुढे. घेतले होते शंभर.

मग प्रश्न: “लोकांनी कागद का जाळले?”

मॅडम थांबल्या. या थांबण्याची आम्ही तयारी केली होती. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून लांबली की उत्तरं मोठी होतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात आणि “माहीत नाही” कमी ऐकू येतं. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला ते फार जड जातात.

मुलांनी आधी एकट्यानं दोन ओळी लिहिल्या, मग ती शेजाऱ्याशी बोलली, मग त्यांनी वर्गाला सांगितलं. फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली ही रीत या वयाला विशेष मानवते. चाळीस जणांपुढे चुकण्याची भीती आठवीत सगळ्यात मोठी. शेजाऱ्यासमोर एकदा बोलून झालं की ती निम्मी होते.

एक मुलगा म्हणाला, “कागद नसला तर कर्जच नाही.” मॅडमनी “शाब्बास” म्हणून तिथं पूर्णविराम दिला नाही. “कुणाला वेगळं वाटतं?” असं विचारलं. खिडकीजवळची मुलगी उठली. “पण मॅडम, सावकाराला तर तोंडपाठ असेल ना? मग कागद जाळून काय उपयोग?” मागून उत्तर आलं, “कोर्टात तोंडपाठ चालत नाही.” मग आणखी एक: “म्हणजे त्यांचा राग माणसावर कमी आणि कोर्टावर जास्त होता का?”

हे वाक्य पाठ्यपुस्तकात नाही. ते आठवी ब मध्ये तयार झालं.

दुपारी 1:30

मधली सुट्टी. डबे उघडले आणि खरी चर्चा सुरू झाली. “हे सगळं छान आहे, पण दहावीचा पोर्शन?” “ऑनलाइन माहिती भरायची कोणी? निवडणुकीचं काम आलं की आठवडा जातो.” या तक्रारी मी उडवून लावत नाही, त्या खऱ्या आहेत. शिक्षकाला विचार करायला वेळ दिला नाही, तर तो मुलांना कुठून देणार?

म्हणून मी रोज सगळे तास बदला असं सांगत नाही. आठवड्यात एका विषयाचा एक तास, आणि त्यात एकच प्रश्न. शिवाय, कागद जाळण्याचं कारण स्वतः शोधलेल्या मुलांना दंग्यांची कारणं परीक्षेत लिहायला पुन्हा पाठ करावी लागणार नाहीत.

दुपारी 2:40

नववीचं विज्ञान, गतीचे नियम. सरांनी व्याख्या लिहून देण्याआधी विचारलं, “पॅडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. मग बल नसताना वस्तू चालत राहते, हे न्यूटनचं म्हणणं खरं कसं?” गतीसाठी सतत बल लागतं ही समजूत जगभरच्या मुलांत आढळते. पाठांतरानं ती जात नाही, नियमाच्या शेजारी तशीच बसून राहते. आज ती उघड्यावर आली. डांबरी रस्ता, वाळू आणि ग्रामपंचायतीची गुळगुळीत फरशी यांवर सायकल किती लांब जाईल, यावरून वाद पेटला, आणि घर्षण हा शब्द मुलांनीच आणला.

दुपारी 4:30

मुलांनी जाताना दिलेल्या चिठ्ठ्या आम्ही तिघं वाचतो. त्यावर एकच मजकूर असतो: आज तुला पडलेला प्रश्न. गुण नाहीत, नाव लिहायची सक्ती नाही. आठवीतल्या एका चिठ्ठीवर होतं, “हे सगळं आपल्याला कोणी सांगितलं? शेतकऱ्यांनी की सरकारनी?”

मॅडमनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. दंग्यांची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. त्यात सरकारी शेतसाऱ्याला दोष नव्हता, सावकारांना होता. साधन तपासून पाहणं ही इतिहासाची गाभ्याची शिस्त, आणि ती एका तेरा वर्षांच्या मुलानं किंवा मुलीनं मागितली होती.

संध्याकाळी 6:00

परतीच्या गाडीत होशंगाबादचा विचार येतो. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवत. तो इतकी वर्षं टिकला, यात शिक्षकांच्या मासिक बैठकांचा मोठा वाटा मला दिसतो. तिथं शिक्षक आपल्या अडचणी आणि आपले प्रश्न घेऊन एकत्र बसत. मुलांच्या कुतूहलाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. शिक्षकाच्या कुतूहलासाठी वेळापत्रकात जागा ठेवत नाही. ती ठेवली पाहिजे, आठवड्याला एक तास का होईना, आणि तो तास माहिती भरण्याच्या कामाला देता कामा नये.

रात्री 8:45

मॅडमचा फोन. पुढच्या आठवड्याच्या तासाला त्यांनी प्रश्न ठरवला आहे: सरकारनं नेमलेला आयोग सरकारला दोष देऊ शकेल का? त्यांनी माझं मत विचारलं, मी त्यांचं. आमचं एकमत झालं नाही. आठवी ब पुढे दोन्ही मतं ठेवायची, आणि मुलांनी पुराव्यानिशी तिसरं मांडलं तर त्यासाठी फळ्याची उजवी बाजू मोकळी ठेवायची, एवढं मात्र ठरलं.