अस्पृश्यांचा शाळाप्रवेश, कोल्हापूर संस्थानातील

अस्पृश्य मानलेल्या मुलांना सरकारी शाळांत इतरांच्या बरोबरीने दाखल करणारी सुधारणा. मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ मध्ये एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला होता. पुढे स्वतंत्र शाळांमुळे शिक्षण मिळाले, तरी विटाळाची कल्पना टिकून राहिली. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमान्वये दसऱ्यापासून स्वतंत्र शाळा बंद करण्यात आल्या. शिवाशिव न पाळता सर्व मुलांना एकत्र बसवावे, असेही त्यात बजावले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद १९५४ मध्ये अवैध ठरविला. वेगळी सोय ही समान सोय नव्हे, हे तत्त्व दोहोंच्या मुळाशी आहे.