शिडाच्या बोटीवरचा संसार चालतो वादळांच्या वेळापत्रकावर

कॅरिबियन बेटांत मुलाबाळांसह शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांबद्दल वाचायचा मला भारी नाद. फोटोत निळं पाणी नि नारळ दिसतात, पण मुक्काम कुठे करायचा हे ठरवतात वादळं. अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तेव्हा बऱ्याच बोटी दक्षिणेला ग्रेनेडा, त्रिनिदादकडे सरकतात. तिथवर वादळं कमी पोचतात. अनेक विमा पॉलिसींत तर या काळात कोणत्या अक्षांशाच्या खाली राहायचं तेही लिहिलेलं असतं. तरी खात्री नाहीच. २००४ मध्ये ‘आयव्हन’ने ग्रेनेडा झोडपलं, १ जुलै २०२४ला ‘बेरिल’ने त्याच देशातलं कॅरियाकू बेट. तिथल्या खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटींचीही मोडतोड झाली.

एरवी सगळं घरगुतीच. वीज सोलर पॅनलची, गोडं पाणी मोजकं. म्हणून भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटी फक्त गोड्याचा हात. सकाळी पोरांची शाळा बोटीवरच, आणि टोबॅगो कीजला असलात तर दुपारी कासवांसोबत पोहणं (हेवा वाटतो हो!). नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडतात, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर वाळूत रुततो. रात्री वारा वाढला की उठून बघायचं, सुटका नाही.

हिवाळ्यात व्यापारी वारे स्थिरावले की पुन्हा उत्तरेकडे: बेक्विया, मार्टिनिक, अँटिग्वा. नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा, कस्टम-इमिग्रेशन उरकायचं, मगच बाजारहाट.