मल्लेश्वरममधली शेंगांची जत्रा

बेंगळुरूत कार्तिक म्हणजे भुईमुगाचा महिना! अलीकडच्या वर्षांत मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरापाशीही 'कडलेकाई परिषे', म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. मंडळी, हे मंदिर आपल्या इतिहासाशी जोडलेलं आहे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी ते बांधल्याचं मानलं जातं, आणि 1669 सालच्या त्यांच्या दानाचा शिलालेख इथे आहे.

मूळ जत्रा बेंगळुरूतल्याच बसवनगुडीची, शेवटच्या कार्तिक सोमवारची. तिथल्या सुंकेनहळ्ळी परिसरात एक बैल रात्री शेतात शिरून पीक फस्त करायचा. त्याला शांत करायला बेंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांनी 1537 मध्ये नंदीचं देऊळ उभारलं आणि शेतकरी पहिल्या शेंगा त्याला वाहू लागले, अशी आख्यायिका. भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतला. इतक्या लवकर तो इथे पिकत असेल का, याची मला शंका वाटते. नवं पीक आधी देवाला, मग घरात, ही रीत मात्र नक्कीच जुनी असणार.

कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूरचे शेतकरी जत्रेला पोती घेऊन येतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग लागतात. लाल दाण्याच्या शेंगा दिसल्या तर आधी त्याच घ्या आणि कापडी पिशवी विसरू नका.