श्वास धरून ठेवणारी किडनी!

जिना धावत चढलात आणि धाप लागली. आता सांगा बरं, दमलं कोण? "फुप्फुसं!" तुम्ही म्हणाल. पण जुन्या चीनमधला एखादा वैद्य तुमच्या कमरेकडे बघत विचारेल, "काय रे, श्वास सोडायला जड जातंय की घ्यायला?"

कमरेचा इथे काय संबंध? थांबा, सांगते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये 'ह्वांगदी नेइजिंग' हा वैद्यकग्रंथ तयार झाला. त्यात एक सम्राट शंका विचारतो आणि छीबो नावाचा वैद्य उत्तरं देतो. या ग्रंथातलं शरीर म्हणजे चक्क दरबार आहे. हृदय राजा, फुप्फुस त्याचा मंत्री! अंगभर 'छी' नावाची शक्ती खेळत असते. श्रम केले की आपण धापा टाकतो, घाम गाळतो, म्हणजे ही छी बाहेर सांडते आणि खर्च होते, असं त्यात म्हटलंय.

पुढच्या वैद्यांनी किडनीलाही कामाला लावलं. फुप्फुसं श्वासातली छी खाली पाठवतात आणि कमरेजवळच्या दोन किडन्या ती घट्ट धरून ठेवतात. पकड ढिली पडली की श्वास वरच्यावर राहतो आणि चार पावलांत माणूस धापा टाकतो. म्हणून श्वास सोडताना अडलं तर दोष फुप्फुसाचा, घेताना अडलं तर किडनीचा!

आता खरं काय ते बघू. हवा फुप्फुसांच्या खाली जातच नाही, तेव्हा किडनी ती धरणार कशी? पण गंमत पुढेच आहे. आपली किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवते. ते हाडांमधल्या मगजाला सांगतं, "तांबड्या पेशी बनवा!" या पेशीच ऑक्सिजन वाहून नेतात. किडनी फार आजारी पडली तर पेशी घटतात आणि थोडं चाललं तरी धाप लागते. पण म्हणून 'त्या जुन्या वैद्यांना सगळं आधीच ठाऊक होतं' असं म्हणू नका हं. हा योगायोग आहे, पण आहे झकास!

त्यांच्या औषधाचं मात्र तसं नाही. धाप लागणाऱ्यांना ते 'माह्वांग' नावाच्या काटकुळ्या झुडपाचा काढा देत. 1885 साली जपानचे शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. हे द्रव्य श्वासनलिका रुंद करतं. 1920 च्या दशकात पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी त्याचा कसून अभ्यास केला आणि मग जगभरचे डॉक्टर ते दम्यासाठी देऊ लागले. पण ते छातीची धडधड आणि रक्तदाबही वाढवतं, त्यामुळे दम्यासाठी पुढे त्याहून सुरक्षित औषधं आली.

आणि धावपटूंचं काय? स्पर्धेच्या वेळी लघवीत एफेड्रिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तर पदक जातं!