मागचं चाक हवेत का गेलं?

सायकल अंगणात काढा. बसायचं मात्र नाही हं! शेजारी उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरा, चालायला लागा आणि चालता चालता फक्त मागचा ब्रेक दाबा. मागचं चाक मातीत फरफटेल, पण सायकल तुमच्याबरोबर ओढली जाईल. आता पुन्हा चाला आणि फक्त पुढचा ब्रेक दाबा. काय झालं? सायकल जागीच अडली आणि मागचं चाक वर उचललं गेलं!

मोटारसायकलचंही तेच होतं. ती लांब असते आणि तिचं वजन खालच्या बाजूला असतं, म्हणून चाक सहसा उचललं जात नाही, इतकंच. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण सगळे पुढे झुकतो ना? तशीच गाडीही पुढे झुकते आणि तिचा बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. सिग्नलला थांबणाऱ्या बाईककडे नीट बघा. पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबतात, गाडी मान खाली घालते आणि थांबली की हळूच वर येते.

जिथे भार जास्त, तिथे टायरची रस्त्यावरची पकड जास्त. म्हणून जोरात ब्रेक लावताना गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचं चाक करतं. मागचं बिचारं हलकं झालेलं असतं. त्याचा ब्रेक जरा जास्त दाबला की ते फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. गाड्या बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. पार्किंगमधल्या बाईक बघा: पुढची डिस्क बहुधा मोठी, मागची लहान. कित्येक गाड्यांना तर मागे साधा ड्रमच असतो.

तरीही घरोघरी एक सल्ला मिळतोच, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, कोलांटी खाशील!’ मला विचाराल तर हा सल्ला अर्धाच खरा आहे. भार पुढे यायला क्षणभर वेळ लागतो. त्याआधीच लिव्हर झटक्यात आवळला, तर पुढचं चाक लॉक होऊ शकतं. वळणावर, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर तसं झालं, तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. पण दोष ब्रेकचा नाही, झटक्याचा आहे. सराईत चालक उजव्या हाताचा पुढचा आणि उजव्या पायाचा मागचा असे दोन्ही ब्रेक वापरतो. पुढचा आधी हलकेच, मग घट्ट.

फरक किती पडतो? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर ती साधारण २० मीटरमध्ये थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबलात, तर जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. शिवाय समोरची म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचे मीटर वेगळेच!

झटका मारणाऱ्यांसाठी एक युक्ती निघाली आहे, एबीएस. चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजत राहतो. चाक लॉक होतंय असं वाटलं, की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते, एका सेकंदात अनेकदा. आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. छोट्या गाड्यांना निदान सीबीएस तरी हवंच. तुमच्या घरच्या स्कूटरला ते असेल, तर मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो.

आता सांगा, गाडी थांबली, मग तिचा वेग गेला कुठे? त्याची झाली उष्णता! गाडी आणि चालक मिळून २०० किलो धरले, तर ६०च्या वेगावरून थांबताना एवढी उष्णता तयार होते, की तेवढ्यात अर्धा कप पाणी उकळायला येईल. म्हणून पार्किंगमध्ये डिस्क खुशाल बघा, पण गाडी नुकतीच येऊन थांबली असेल तर बोट लावू नका. चटका बसेल.