नेट रन रेट: किती फरकाने जिंकलात, हे मोजावं का?
२०१९ च्या वनडे वर्ल्डकपमध्ये पाकिस्तान आणि न्यूझीलंड, दोघांचे ११ गुण आणि ५ विजय. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलंही होतं. तरी सेमीफायनल गाठली न्यूझीलंडने. कारण नेट रन रेट! न्यूझीलंडचा +०.१७५, पाकिस्तानचा -०.४३०.

पाकिस्तानला पहिलाच सामना भोवला. वेस्ट इंडिजविरुद्ध १०५ धावांत ऑलआउट, विंडीजने १३.४ ओव्हर्समध्येच सामना संपवला. ऑलआउट टीमच्या पूर्ण ५० ओव्हर्स धरल्या जातात, त्यामुळे खड्डा आणखी खोल गेला.

मग आपसातला निकालच का पाहू नये? दोन टीम असतील तर ठीक. पण तिघांनी एकमेकांना हरवलं असेल तर पेच सुटत नाही. म्हणून आधी गुण, मग आपसातला निकाल आणि तरीही बरोबरी राहिली तरच रन रेट, हा क्रम जास्त न्याय्य वाटतो.